कमळाला पाणी

ऑगस्टची दहा तारीख, रविवार. काम होतं माती भाजायचं.

कार्ल्यात श्रावणात माती कोरडी करायची तर दुसरा उपाय नाही. ऊन चार दिवसांतून एकदा येतं आणि आपण दोरीवर कपडे घालेपर्यंत जातं. मिठाची बरणी पाझरते. साड्यांना बुरशी येऊ नये म्हणून कपाटात बल्ब सतत जळत ठेवावा लागतो. अशा हवेत कुंडीतली माती बाहेर पसरून ठेवली तर ती होती त्याहून ओली होऊन घरात येते. म्हणून मी जुनी लोखंडी कढई गॅसवर चढवली आणि रवा भाजतात तशी माती परतत उभी राहिले. वाफ निघायला लागली, तिला पालापाचोळा कुजल्याचा वास होता.

सासूबाई वास घेत आत आल्या.

"काय भाजतीस?"

"माती."

"कुनाला?"

"तुमच्या कमळाला."

"मंग चमचाभर तूप सोड की," म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मला वाटलं, आज त्यांचा दिवस चांगला आहे.

ते कमळ नव्हतं. आमची मुलगी जूनमध्ये नोकरीसाठी बंगळुरूला गेली, तेव्हा जाण्याआधी पुण्याच्या एका नर्सरीतून तिने ते आजीसाठी आणलं होतं. सक्युलंट. तळहाताएवढी कुंडी, त्यात राखी-निळसर, जाड, गरगरीत पानं एकावर एक बसलेली आणि कडेला थोडी गुलाबी. दगडात कोरलेल्या कमळासारखं दिसायचं, हे खरं. मुलगी म्हणाली, "आजी, याला पाणी घालायचं नाही हं. पंधरा दिवसांनी आई घालेल थोडंसं."

"पानी घालायचं न्हाई तर झाड कशाला आनलंस? फोटू आनायचा की," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांनी ते देवघराशेजारच्या खिडकीत ठेवून घेतलं. पहिल्या दिवसापासून त्यांच्यासाठी ते कमळ, लक्ष्मीच्या हातातलं. रोज संध्याकाळी मी कामावरून आले की सांगायच्या, "आज बी उमललं न्हाई." ते उमललेलंच आहे, असंच राहणार, हे मी पहिल्या आठवड्यात सांगून बघितलं आणि मग सोडून दिलं.

माझं काम गुलाबांचं आहे. कामशेतच्या पुढे एका पॉलीहाउसमध्ये मी फुलांची प्रत तपासते. देठाची लांबी, कळीची जाडी, पानावर भुरी आहे का, करपा आहे का. सकाळी साडेसातला हायवेवर कंपनीची गाडी येते आणि संध्याकाळी पाचला सोडते. बुरशी कशी दिसते हे मला कुणी शिकवायची गरज नाही. त्यामुळे जुलैच्या मध्यावर कमळाची खालची पानं पिवळी पडली आणि नंतर भिजवलेल्या साबुदाण्यासारखी आरपार दिसायला लागली, तेव्हा मला लगेच कळलं की पाणी जास्त झालंय. पण पाणी घातलं कुणी? मी तर ते आल्यापासून एकदाच घातलं होतं. मी दोष हवेला दिला. पावसाळ्यात आमच्याकडे हवा म्हणजे अर्धं पाणीच असतं.

मग एकेक उपाय सुरू केले. कुंडी खिडकीपासून हातभर आत सरकवली. मातीत बांधकामाची जाड वाळू मिसळली. कुजकं तेवढं चाकूने कापून त्यावर दालचिनीची पूड लावली. रात्री कुंडी कपाटात बल्बखाली ठेवायला लागले, तेव्हा नवरा म्हणाला, "साड्यांच्या शेजारी झाड? उद्या मला पण त्यात ठेवशील."

"तुम्हाला बुरशी आली की ठेवीन."

सकाळी कुंडी बाहेर काढायची तेव्हा माती बरी असायची. संध्याकाळी येऊन बोट घातलं की ओली. मी खिडकीच्या चौकटीला सिलिकॉन भरलं. कुठून तरी गळतंय, असंच मला वाटत होतं.

कामावर मी फोनमधला फोटो दाखवला, तर पॅकिंगच्या टेबलावरच्या बायकांना विषयच मिळाला.

"मॅडम, हितं एवढे गुलाब जगिवता आन् घरी एक कांदा मरतुय व्हय तुमच्यानं?"

"कांदा नाही ते."

"कांदाच दिसतुय. मोड यायच्या आदी भाजी करून टाका."

तेव्हापासून मला रोज विचारलं जायचं, कांद्याची तब्येत कशी हाय.

एका झाडासाठी मी एवढं का करत होते, ते सांगते. सासूबाई ऐंशीच्या जवळ आल्यात आणि दोन वर्षांपासून विसरतात. आधी नावं गेली, मग वार, मग जेवलो की नाही ते. आम्ही कामावर गेलो की दिवसभर घरात त्यांच्याजवळ बोलायला काही असेल तर ते झाड होतं. आणि त्यांना त्या घरातच राहायचं होतं. हाच प्रश्न आमच्या घरात वर्षभर चालू होता की त्यांनी दिवसा एकटं राहायचं की नाही.

सांभाळायला आम्ही बाई ठेवून पाहिली. पहिली चार दिवस टिकली. दुसरीवर सासूबाईंनी देवांतली अन्नपूर्णा चोरल्याचा आळ घेतला. अन्नपूर्णा त्यांच्याच उशीखाली होती. ती बाई पुन्हा आली नाही आणि गावात दुसरी कुणी तयार होईना. मी नोकरी सोडावी तर नवऱ्याच्या कंपनीत काम कधी असतं, कधी नसतं. घर माझ्या पगारावर चालतं.

डॉक्टर म्हणाले होते, रोजचं जे करतात ते करू द्या, त्यानेच माणूस टिकतं. म्हणून पूजा त्यांच्याकडेच ठेवली होती. बाकी मी नियम घालून दिले होते. निघताना गॅसचा रेग्युलेटर काढायचा. जेवण डब्यात झाकून ठेवायचं. पावसात त्यांनी अंगणाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, कारण शेवाळावरून त्या गेल्या वर्षी घसरल्या होत्या. सकाळी माझ्यासमोर पूजा व्हायची. दिवा मी लावायची, तेल बेताचं घालायची आणि काडेपेटी कपाटावर टाकायची. देवांच्या अंघोळीचं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही, ते तुळशीत जायला हवं, म्हणून ताम्हनातलं पाणी मीच छत्री घेऊन अंगणात टाकून यायची. दिवा शांत झाला की मी निघायची. एवढं सगळं बांधून ठेवलं की त्या एकट्या राहू शकतात, असा माझा हिशेब होता.

आदल्या दिवशी, शनिवारी, राखीपौर्णिमेला नणंद चिंचवडहून आली होती. माझ्या नवऱ्यापेक्षा मोठी, सरळ बोलणारी बाई. राखी बांधून झाल्यावर स्वयंपाकघरात मला म्हणाली, "आई दिवसभर एकटी नीट राहते ना गं?"

"राहतात."

"बघ हं. ज्या दिवशी तुला वाटेल आता नाही, त्या दिवशी मला एक फोन कर. मी घेऊन जाते. त्यावर भांडण नाही, चर्चा नाही."

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "उचलून न्यायला मी काय गॅसची टाकी हाय का?"

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. दारात येऊन उभ्या राहिल्या आणि लेकीला म्हणाल्या, "तुज्या नवव्या मजल्यावर पाय टेकायला भुई न्हाई. तितं मी आठ दिस बी काडनार न्हाई." नणंद जाताना मला पुन्हा म्हणाली, "फोन कर."

रविवारी कढईखालचा गॅस बंद करून मी कुंडी घेतली. ओली माती वरवरची काढून ती आधीच भाजली होती, आता मुळं बघायची होती. वर्तमानपत्रावर कुंडी उलटी केली. खोड तळापासून वरपर्यंत तपकिरी, बोटाने दाबलं तर लगदा. ते संपलंय हे मला तिथेच कळलं. पण खालच्या मातीत दुसरंही काही होतं.

बोटाने खोल दाबलेले, फुगलेले तांदूळ, काहींवर अजून कुंकवाचा लाल डाग. तुळशीची काळी पडलेली पानं. जास्वंदीच्या पाकळ्यांचा चोथा. आणि मातीत खोचलेल्या जळक्या काड्या. काडेपेटीच्या. एकदोन नव्हेत, मूठभर.

मागच्या रविवारीच मी सगळी माती बदलली होती. म्हणजे हे आठ दिवसांतलं होतं.

देवाचं पाणी कुंडीत पडत होतं हे तर उघड झालं. पायऱ्या उतरायला मीच मनाई केली होती, मोरीत ते पाणी त्या टाकणार नाहीत आणि शेजारीच कमळ. कमळाला पाणी नको, हे ज्या बाईने जन्मभर खाचरात भात लावलाय तिच्या डोक्यात शिरणारच नाही. पण सकाळच्या पूजेचं पाणी तर रोज मी टाकत होते. मग हे कुठल्या पूजेचं?

नवरा बाहेर ओट्यावर पेपर वाचत होता. मी त्याच्यासमोर काड्या धरल्या.

"आईंना काडेपेटी कुणी दिली?"

"मी. मागितली तिनं. देवाला लागते म्हणाली. देवाला नाही म्हणू का?"

"कधी मागितली?"

"मागते अधूनमधून. का, काय झालं?"

"आपण घरात नसताना त्या दिवा लावतात."

"दिवाच लावते ना, पत्ते तर कुटत नाही," तो म्हणाला, पण पेपर खाली ठेवला.

मी त्याला गप्प बसायला सांगितलं. एरवी रविवारी दुपारी आपण बाजारात असतो, आज दोघं घरात आहोत, नुसतं बघू. काही बोलायचं नाही, अडवायचं नाही.

झाडाचं खोड मी फेकून दिलं. वरच्या टोकाची तीन पानं त्यातल्या त्यात घट्ट होती. सक्युलंटचं पान नुसतं कोरड्या मातीवर ठेवलं तरी त्याला मूळ फुटतं, हे मला माहीत होतं. खोड वरपर्यंत गेलेलं असेल तर बहुधा फुटत नाही, हेही माहीत होतं. तरी भाजलेली माती गार झाल्यावर कुंडीत भरली, तीन पानं वर मांडली आणि कुंडी देवघराशेजारी जिथे असायची तिथेच ठेवली.

साडेअकराच्या सुमाराला सासूबाई न्हाणीघरातून ओल्या केसांनी बाहेर आल्या.

"आज लय उशीर झाला गं. देव पारोसे बसल्यात."

सकाळची पूजा साडेसहाला झाली होती. तेव्हा देवांवर वाहिलेलं फूल तसंच होतं. त्यांनी ते काढलं, देव ताम्हनात घेतले, पळीने पाणी घातलं, पुसले, गंध लावलं. हात अजिबात चुकत नव्हते. आसनाखालून काडेपेटी काढली आणि दिवा लावला. तेल पार काठापर्यंत ओतलं. काडी विझवून शेजारच्या कुंडीत दिसेनाशी होईपर्यंत खोचली. डोळे मिटून बसल्या आणि मग दिवा तसाच ठेवून पलंगावर जाऊन आडव्या झाल्या. ताम्हन भरलेलं तिथेच राहिलं. दिवा बराच वेळ जळत होता. देवघराच्या वरच्या फळीला मी हात लावून पाहिला, लाकूड गरम होतं. फळीच्या खालच्या बाजूला काजळी धरलेली होती. रोज झाडताना मी फक्त वरची बाजू पुसत होते.

जेवण झालं, झोप झाली. उठल्यावर त्यांची सकाळ झाली. पावसाच्या दिवसांत आमच्याकडे चारचा उजेड आणि सहाचा उजेड सारखाच असतो, त्यात त्यांची चूक नाही. पुन्हा "आज उशीर झाला," पुन्हा देव ताम्हनात, पुन्हा दिवा. या वेळी मी जवळ जाऊन बसले. दिव्यावरून हात पलीकडे नेताना त्यांचा पदर खांद्यावरून सुटला आणि ज्योतीच्या बाजूला लोंबला. मी तो मागे ओढला. पदराच्या काठाला रुपयाएवढं भोक होतं, कडा तपकिरी, कडक.

"हे काय?"

"उंदरानं खाल्लं."

"उंदीर जाळून खातो का?"

"आमच्या घरातला खातुय." त्यांनी पदर माझ्या हातातून सोडवून कमरेला असा खोचला की भोक आत गेलं. त्या खोचण्यावरून कळत होतं की ते आजचं नाही आणि त्यांना ते माहीत आहे.

मग त्यांनी ताम्हन उचललं. अंगणाकडे पाहिलं, पाऊस पाहिला, मला पाहिलं आणि वळून सगळं पाणी कुंडीत ओतलं. तीन पानं तरंगली. एक कुंडीबाहेर पडलं. मी हात पुढे केला नाही. मला खात्री करून घ्यायची होती आणि ती झाली.

मला तशी बसलेली पाहून त्यांनी ताम्हन खाली ठेवलं. मग समोर बसल्या.

"मी पानी घालते म्हनून मेलं व्हय ते?"

"हो."

"मंग सांगायचं न्हाई?"

"आता सांगितलं."

"उद्या इसरन मी."

"हो."

त्यांनी खाली पडलेलं पान उचललं, पुसलं आणि देवांच्या पुढ्यात ठेवलं. "मला चिंचवडला नको धाडू," म्हणाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मी काही कबूल केलं नाही. खोटं कबूल करणं सोपं होतं, संध्याकाळपर्यंत त्या विसरल्याच असत्या. म्हणूनच केलं नाही. उठून चहा टाकला.

संध्याकाळी नवऱ्याने बाजारातून बटणाचा दिवा आणला, प्लास्टिकच्या ज्योतीचा. सासूबाईंनी तो दोनदा लावून विझवून पाहिला.

"हा तमाशातला दिवा हाय. देव काय आंधळं झालं का?" असं म्हणून त्यांनी तो त्याच्याच हातात परत दिला.

"काडेपेटीच घरात ठेवायची नाही," तो मला म्हणाला.

"समोरच्या दुकानात मिळते. आणि उद्या त्या काडेपेटीसाठी पायऱ्या उतरतील."

"देवच उचलून ठेवू."

"मग त्या दिवसभर काय करतील?"

दोघांनी मिळून पुन्हा सगळं मोजलं. त्याची पाळी बदलून मागणं, मी अर्धा दिवस करणं, शेजारच्या काकूंना मधूनमधून डोकवायला सांगणं. शेजारच्या काकू स्वतः काठीने चालतात. प्रत्येक उपायात दुपारचे दोनतीन तास उघडे राहत होते आणि दिवा लावायला काही तास लागत नाहीत.

"ती तिकडे नाही राहणार," तो शेवटी म्हणाला. "ती म्हणते ते खरं होईल. आठ दिवस."

"माहीत आहे."

"मग?"

"इकडे एखाद्या दुपारी पदर पेटला तर कुणी आठ मिनिटं पण देणार नाही."

तो उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "तायडीला तूच कर फोन. माझ्यानं व्हायचं नाही."

सोमवारी सकाळी पूजा माझ्यासमोर झाली. श्रावणी सोमवार होता, सासूबाईंनी बेलाचं पान मागितलं, ते दिलं. पाणी मी तुळशीत टाकून आले. गाडीवाल्याला फोन करून सांगितलं की आज मी येत नाही, आठवडाभर येणार नाही. पॅकिंगच्या बायकांना वाटलं असणार, कांदा गेला.

मग नणंदेला फोन केला. तिने पहिल्या घंटेलाच उचलला.

"ताई, या रविवारी या तुम्ही," मी म्हटलं.

"पडली का?"

"नाही. पडल्या नाहीत. दिवा लावतात."

"आई तयार आहे का?"

"नाही."

"मग कसं करायचं गं?"

"तुम्ही या. मी सामान भरून ठेवते."

फोन ठेवला तेव्हा सासूबाई देवघरासमोर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "देवांची अंगूळ व्हायचीय अजून."

मी ताम्हनात पाणी घालून त्यांच्यापुढे ठेवलं, काडी मी ओढली आणि दिवा शांत होईपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिले. नंतर स्टूल घेऊन माळ्यावरून बॅग काढली. उघडली तर आत सगळीकडे पांढरी बुरशी. व्हिनेगरच्या पाण्याने ती आतून दोनदा पुसली, चेन उघडी ठेवली आणि पंख्याखाली वाळत टाकली.